नकाशा त्यांचा, मते आपली!

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांतून चर्चेला ऊत येतो. तिकीट कोणाला, युती कोणाशी, अमुक नेता विकला गेला की नाही, गटांचे ऐक्य होणार की नाही! विहाराच्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत हाच विषय चालतो. परंतु ज्या मतदारसंघात आपण मत टाकणार, त्याच्या हद्दी कोणी आखल्या, कोणत्या वर्षाच्या जनगणनेवर आखल्या, आणि आपली वस्ती नेमकी त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे पडली, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? आमचे स्पष्ट मत असे की, निम्मी निवडणूक मतदानाच्या दिवशी होते आणि उरलेली निम्मी नकाशाच्या टेबलावर आधीच होऊन गेलेली असते. त्या टेबलापाशी आपण नसतो. म्हणून आज हा विषय.

हद्दींच्या या कपटाला अमेरिकेत एक नावच आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातील एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप दिले. गेरी आणि सॅलमँडर मिळून शब्द झाला गेरीमँडर. त्या वर्षी विरोधी फेडरलिस्ट पक्षाला राज्यात किंचित जास्त मते पडली. तरी सिनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरींच्या पक्षाने नेल्या! मते एकाची, सत्ता दुसऱ्याची.

हे घडते कसे? साधा हिशेब मांडू. समजा पाच मतदारसंघ आहेत, प्रत्येकात १०० मतदार. एकूण ५०० पैकी २०० मतदार आपले. आता पहिला नकाशा घ्या. प्रत्येक मतदारसंघात आपले ४० मतदार विखुरले. पाचही ठिकाणी आपण पडलो, जागा शून्य. दुसरा नकाशा : एकाच मतदारसंघात आपले ९५ मतदार कोंबले आणि उरलेले १०५ चार ठिकाणी वाटून दिले. जागा एक. तिसरा नकाशा : तीन मतदारसंघांत आपले साठ-साठ, उरलेल्या दोनांत दहा-दहा. जागा तीन! मतदार तेच, संख्या तीच, मतेही तीच. शून्य, एक किंवा तीन, हे मात्र रेषा ओढणाऱ्याने ठरवले. विखुरणे आणि कोंबणे, ही या धंद्यातील दोन हत्यारे आहेत. ती ओळखता आली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव मराठी वाचकाला वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे ठाऊक आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभी केलेली संस्था तिथलीच. शिकून पुढे आलेला कृष्णवर्णीय समाज तिथे मतदार म्हणून नाव नोंदवू लागला, तेव्हा गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या पोटात गोळा आला. १९५७ साली अलाबामाच्या विधिमंडळाने कायदा करून गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव २८ बाजूंचे झाले. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे गावाबाहेर गेले आणि गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. कोणाचे घर पाडले नाही, कोणाला मारले नाही, मतदानाचा हक्क काढून घेतो असे कोणी म्हटले नाही. फक्त रेषा सरकवली! कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला आणि टस्कीगी संस्थेतील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. १९६० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द वंशाच्या आधारे मताधिकार हिरावणारी असल्याचे मानून गोमिलियन यांची बाजू उचलून धरली.

ज्यांची बाबासाहेबांवर निष्ठा आहे, त्यांना या लढ्याचे परकेपण वाटू नये. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती, आणि डु बॉईस यांनी त्याला उत्तरही दिले होते. तिकडचे प्रश्न बाबासाहेब डोळ्यांत तेल घालून पाहत होते. आपणही पाहिले पाहिजेत.

१९६५ साली अमेरिकेत मतदान हक्क कायदा झाला. नाव नोंदवू न देणे कठीण झाले, तेव्हा पुन्हा नकाशा बाहेर निघाला. मिसिसिपी राज्यात नदीकाठचा डेल्टा हा कृष्णवर्णीयांचा बालेकिल्ला. १९६६ साली तिथल्या विधिमंडळाने या भागाचे तुकडे करून ते निरनिराळ्या मतदारसंघांत वाटून टाकले. परिणाम असा की, मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय लोकसंख्या असलेल्या त्या राज्यातून विसाव्या शतकातला पहिला कृष्णवर्णीय खासदार, माइक एस्पी, निवडून यायला १९८६ साल उजाडले. कायदा होऊन २१ वर्षे लोटली होती!

१९९० च्या जनगणनेनंतर चित्र पालटले. १९८२ च्या दुरुस्तीमुळे आणि १९८६ च्या एका निकालामुळे कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघ आखणे राज्यांना भाग पडले. उत्तर कॅरोलिना राज्यातून १९०१ नंतर पहिल्यांदाच, १९९२ साली, दोन कृष्णवर्णीय खासदार निवडून आले. त्यातला एक मतदारसंघ तर महामार्गाच्या कडेने सुमारे १६० मैल लांब, सापासारखा आखलेला होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आकारावर गंभीर आक्षेप घेतला. गोऱ्यांच्या सोयीसाठी टस्कीगीसारखी कडबोळी शंभर वर्षे चालली. दलितांच्या सोयीसाठी एक रेषा वाकडी झाली तर लगेच समतेची आठवण! हे आपल्याकडच्या ‘गुणवत्ते’च्या ओरड्यासारखेच नाही काय?

पण वाचकहो, कथा इथे संपत नाही. जॉर्जिया राज्याचा हिशेब पाहा. १९९० साली तिथले १० पैकी ९ खासदार डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, त्यात एक कृष्णवर्णीय, रिपब्लिकन एकच. मधल्या काळात नवे नकाशे आले आणि १९९५ साली ११ पैकी ८ खासदार रिपब्लिकन, तर डेमोक्रॅट उरले तीन आणि ते तिघेही कृष्णवर्णीय. म्हणजे आपल्या माणसांची संख्या एकावरून तीनवर गेली, आणि आपल्या प्रश्नांवर मत देणारे बाकीचे मित्र मात्र साफ झाले. कृष्णवर्णीय मतदार तीन मतदारसंघांत एकवटले, तेव्हा शेजारच्या मतदारसंघांतील उमेदवारांना त्यांच्या मतांची गरजच उरली नाही. ज्याला तुमच्या मताची गरज नाही, तो तुमचे ऐकेल कशाला?

हा दोष केवळ नकाशाचा नव्हता. खालून मतदारांची युतीही सरकत होती. अब्राहम लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला कृष्णवर्णीय पिढ्यान्पिढ्या मत देत आले. १९३६ साली ते मोठ्या संख्येने रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला आणि दक्षिणेतील गोरा मतदार डेमोक्रॅटांना सोडून हळूहळू रिपब्लिकनांकडे गेला. तीस वर्षांत दोन पक्षांनी जणू घरेच बदलली. नकाशा आखणाऱ्याने या सरकत्या मतांवर फक्त कुंपण घातले.

आणि त्यातून नवी लबाडी जन्माला आली. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या हद्दींचा न्याय संघराज्याची न्यायालये करणार नाहीत. आता दक्षिणेत कृष्णवर्णीय म्हणजे बहुतांशी डेमोक्रॅट, हे उघड आहे. म्हणजे राज्याने म्हणायचे, ‘आम्ही वंश पाहिलाच नाही, फक्त पक्ष पाहिला!’ माणूस तोच मेला, दाखल्यावर कारण बदलले. तरीही लढणारे लढले. अलाबामात कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के, खासदार सात, आणि कृष्णवर्णीयांना निवडता येईल असा मतदारसंघ एक. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले आणि २०२४ च्या निवडणुकीत दुसरा कृष्णवर्णीय खासदार निवडून आला. पण लगेच २०२५ साली लुईझियानाच्या खटल्यातून त्याच कलमावर पुन्हा आव्हान उभे राहिले. मिळालेला हक्क राखायला रोज पहारा लागतो, तो असा.

आता आपल्या घरात येऊ.

आपल्याकडे मतदारसंघ राज्याचे विधिमंडळ आखत नाही, परिसीमन आयोग आखतो. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, सोबत निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी. ही व्यवस्था अमेरिकेपेक्षा निश्चित चांगली. पण म्हणून नकाशा निरुपद्रवी होत नाही. आमच्या समाजाचा सर्वांत मोठा तोटा कोणी सरडा काढून केला नाही. तो एका गोठवलेल्या आकड्याने केला.

१९७६ सालची मतदारसंघ पुनर्रचना १९७१ च्या जनगणनेवर झाली. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेले बौद्ध त्या वेळी कायद्याने अनुसूचित जातीत मोजले जात नव्हते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची टक्केवारी सहाच्या घरात दिसली आणि २८८ पैकी १८ जागा राखीव झाल्या. धर्म बदलला म्हणून अस्पृश्यता गेली नव्हती, गावकुसाबाहेरचे घर आत आले नव्हते. फक्त मोजदादीतून माणसे गेली! १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. पण तोवर जागांचा आकडा घटनादुरुस्तीने गोठलेला होता. १९९५, १९९९ आणि २००४ अशा तीन विधानसभा त्याच १८ जागांवर निवडल्या गेल्या. अखेर २००१ च्या जनगणनेवर, म्हणजे १०.२ टक्क्यांवर, २००८ चा आदेश निघाला आणि जागा १८ वरून २९ झाल्या. २००९ साली पहिल्यांदा आपण त्यावर मतदान केले. अकरा जागा! कायद्याने हक्क मान्य केल्यापासून तो नकाशावर उतरायला अठरा वर्षे लागली. त्या अठरा वर्षांचा जाब कोणी कोणाला विचारला?

ही गोठवणूक आजही आपल्याला नडते आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के निघाले. त्या हिशेबाने २८८ पैकी ३४ जागा व्हायला हव्यात. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही विधानसभा निवडणुका २९ जागांवरच झाल्या.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. २०११ साली महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख मोजले गेले. त्यातले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाख बौद्ध अनुसूचित जातीच्या मोजणीत नाहीत! या सगळ्यांचे कारण एकच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण गणना करणाऱ्याने जात विचारली आणि आपल्या माणसाने ‘आम्ही बौद्ध, आम्हाला जात नाही’ असे सांगून दार लावले, असे किती घरांत घडले असेल, हे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे. भूमिका तत्त्वाने स्वच्छ आहे, आम्ही तिचा आदर करतो. पण राखीव जागांचा आकडा मनातल्या भूमिकेवर ठरत नाही, गणनेच्या कागदावर ठरतो. २०११ च्या लोकसंख्येने विधानसभेच्या एका जागेमागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. १३ लाख म्हणजे तीनहून अधिक आमदार झाले. तेव्हा धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीत असलेली आपली जात, या दोन्ही नोंदी ठामपणे करून घ्याव्यात. कायदा १९९० पासून या दोन्ही नोंदींना एकत्र मान्यता देतो. जात नष्ट करण्यासाठी लढणाऱ्याने जातीमुळे हिरावलेला वाटा सोडून द्यावा, असे बाबासाहेबांनी कधीच सांगितले नाही.

बरे, जागा राखीव झाली म्हणजे प्रतिनिधी आपला झाला काय? १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यात निदान एवढी तरतूद होती की, आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची आणि मग सर्वांनी त्यातून एक निवडायचा. स्वतंत्र भारतात ती पायरीही उरली नाही. महाराष्ट्रातील बहुतेक राखीव मतदारसंघांत अनुसूचित जातीचा मतदार अल्पसंख्यच आहे. उमेदवार आपला, पण त्याला निवडणारा दुसराच! १९५२ साली उत्तर मुंबईतून खुद्द घटनेच्या शिल्पकाराचा पराभव याच व्यवस्थेत झाला आणि राखीव जागा नारायण काजरोळकर यांना मिळाली. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

राखीव जागा कुठे ठेवायची, हाही नकाशाचाच खेळ. अनुसूचित जमातींसाठी कायदा सरळ सांगतो की, त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तिथे जागा राखीव करा. अनुसूचित जातींसाठी मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून आणि ‘शक्य तोवर’ जास्त प्रमाण असेल तिथे, अशी भाषा आहे. या ‘शक्य तोवर’मध्ये किती जणांचे राजकारण मावते! सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की, उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मुस्लिमांचे प्रमाण मोठे असलेल्या काही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या आहेत, तर अनुसूचित जातींचे प्रमाण त्याहून जास्त असलेल्या जागा खुल्या राहिल्या आहेत. मुस्लिमाला उभे राहता येत नाही आणि दलिताची ताकद दुसऱ्याच मतदारसंघात पडून राहते. एका रेषेत दोघांचे नुकसान, आणि वर दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहायचे! जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ साली सात जागा वाढल्या. त्यातल्या सहा जम्मूला गेल्या, एक काश्मीरला. २०११ च्या जनगणनेत जास्त लोकसंख्या मात्र काश्मीरची होती. आयोग आला म्हणजे अन्याय संपला, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब तपासावा.

नकाशा इतका बलवान आहे तर हातपाय गाळून बसायचे काय? मुळीच नाही. रेषा त्यांच्या हातात असेल. मतांची मोट बांधणे आपल्या हातात आहे. १९५७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते, तेव्हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. महाराष्ट्र झाला, समिती विरली, मोट सुटली. १९६२ साली रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार लोकसभेत पोहोचले, तिघेही उत्तर प्रदेशातून! त्यात अलिगढचे बी. पी. मौर्य दलित-मुस्लिम एकजुटीवर आले होते. १९९८ साली प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून निवडून आले. या चारही जागा त्या वेळी खुल्या होत्या. गट एकत्र आले आणि बाहेरची धर्मनिरपेक्ष मते जोडली गेली, तेव्हा आरक्षणाशिवाय चार खासदार झाले. वर्षभरात लोकसभा बरखास्त झाली, ऐक्य फुटले, आणि तसे चित्र पुन्हा दिसले नाही.

मोट किती लवकर सुटते, हे २०२४ साली पुन्हा दिसले. मे-जूनमध्ये संविधान धोक्यात आहे या भावनेने दलित आणि मुस्लिम मते एका बाजूला आली, आणि महाराष्ट्रातील लोकसभेच्या पाचही अनुसूचित जाती राखीव जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. पाच महिन्यांनी, त्याच राज्यात, भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, असे तीन पक्ष मिळून २३० वर गेले. हद्दी एक इंचही हलल्या नव्हत्या. मतदार हलला होता. आमच्या नेत्यांनी या दोन निकालांचा अभ्यास केला काय? की फक्त कोणी कोणाची मते खाल्ली, याचेच भांडण केले?

आता काळ पुन्हा वळणावर आला आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने १ मार्च २०२७ हा पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक जाहीर केला आणि तीत जातींची मोजणी करण्याचेही ठरवले. २०२३ साली मंजूर झालेले महिला आरक्षणही मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधलेले आहे. दक्षिणेकडील राज्ये आपल्या खासदारांची संख्या घटेल म्हणून आवाज उठवत आहेत. त्या गोंगाटात आपल्या वस्तीचा आवाज कोण ऐकणार?

वकील म्हणून एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. परिसीमन आयोगाचा अंतिम आदेश निघाला की न्यायालयाचे दार जवळजवळ बंद होते. घटनेचे कलम ३२९ आणि १९६६ चा मेघराज कोठारी निकाल हेच सांगतो. २०२४ साली गुजरातमधील बारडोली राखीव मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे दार किंचित उघडले. आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय पाहू शकते, असे म्हटले. पण त्या फटीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. खरी लढाई आदेशाच्या आधी, प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात त्या थोड्या दिवसांत असते. आयोगाला साहाय्य करणारे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मत नसते, पण कान असतात. प्रस्थापित पक्षांचे लोक त्या सुनावणीला नकाशे, आकडे आणि वकील घेऊन जातात. आपले कार्यकर्ते निकाल लागल्यावर मोर्चा काढतात!

म्हणून प्रत्येक तालुक्यातील विहाराने, मंडळाने, गटातटाचा विचार न करता एक वही करावी. आपल्या तालुक्यातील महसूल मंडळे कोणती, प्रत्येकात अनुसूचित जाती, जमाती, मुस्लिम, भटके-विमुक्त किती, आजची विधानसभेची रेषा कुठून जाते, कोणती वस्ती तुटली आहे, हे त्यात लिहावे. जनगणनेचे आकडे सरकारी आहेत, ते मिळतात. शहरात महापालिकेच्या प्रभाग रचनेसाठी हीच वही उपयोगी पडेल. २०१७ साली मुंबईबाहेर बहुतेक महापालिकांत चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले, तेव्हा छोट्या पक्षाचा बळकट वॉर्ड मोठ्या प्रभागात कसा विरघळला, हे कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ही वही शेजारच्या मोहल्ल्यात, तांड्यावर, पाड्यावर घेऊन जावी. कारण रेषा त्यांनाही कापते.

टस्कीगीच्या माणसांनी आपल्या गावाची हद्द कुठे होती आणि कुठे नेली, हे दाखवले, म्हणून ते जिंकले. आपल्या गल्लीची हद्द आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर या रविवारी वंदना झाल्यावर नकाशा उघडा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले शिकणे इथूनच सुरू होते.

जयभीम!